टेलिफोटो घेताय? मोटरस्पोर्टवाल्यांनो, आधी या चुका टाळा

“शर्यतींचे फोटो काढायचेत. ४०० मिमीची लेन्स घेऊ की ६०० ची?” हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की हल्ली मी उत्तर न देता उलटा प्रश्न टाकतो: “उभे कुठे राहणार?” पुढे बहुतेकदा शांतता. कुणाला व्हिडिओत पाहिलेली लेन्स हवी असते, कुणाला ट्रॅकच्या कडेला जाकीट घालून बसलेल्या फोटोग्राफरच्या हातातली ती मोठी पांढरी. आपण कुठून फोटो काढणार, समोरून काय जाणार आणि किती लांबून जाणार याचा पत्ता नाही, पण लेन्सचं पूर्ण नाव मॉडेल क्रमांकासकट पाठ!

खालच्या चुका वर्षानुवर्षं बघतोय. काहींनी माझं डोकं फार खाल्लंय, त्यांच्यावर जरा सविस्तर बोलतो. काहींना एक ओळ बस्स झाली.

अंतर न मोजता फोकल लेंथ ठरवणं

फोकल लेंथ म्हणजे लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा; तो जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. गणित शाळेतलंच आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा तुकडा) ३६ मिलिमीटर रुंद असतो. गाडी जितक्या मीटरवर असेल त्या आकड्याला ३६ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा. उत्तर येईल तितक्या मीटर रुंदीचं दृश्य तुमच्या फ्रेममध्ये मावतं. गाडी ५० मीटरवर आणि लेन्स ४०० मिमी, तर रुंदी आली साडेचार मीटर. फॉर्म्युला वनची गाडी पाच मीटरहून लांब असते. म्हणजे ती बाजूने जाताना एकतर नाक कापलं जाणार, नाहीतर मागचा पंख. त्याच जागी, त्याच लेन्ससमोरून मोटरसायकल गेली तर ती असते जेमतेम दोन मीटरची. निम्मी फ्रेमसुद्धा भरणार नाही.

आता उलटं करू. पॅनिंग करताना (कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढताना) गाडीच्या पुढे थोडी मोकळी जागा हवी, म्हणून गाडीसाठी फ्रेमची रुंदी आठ मीटर धरा. ५० गुणिले ३६ भागिले ८ म्हणजे २२५ मिमी. मोटरसायकलला सव्वातीन-साडेतीन मीटर रुंदी पुरते, तिथे हाच हिशोब ५०० च्या पुढे जातो. एकाच वळणावर, एकाच जागेवरून, गाडीला सव्वादोनशे आणि मोटरसायकलला सव्वापाचशे! तरीही लोक “मोटरस्पोर्टसाठी सर्वोत्तम लेन्स कोणती” असं एका दमात विचारतात.

क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २४ धरा, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स असेल तर १७. बाकी हिशोब तोच. क्रॉपवर ३०० मिमी लावली की फुल फ्रेमच्या साधारण ४५० इतकं दिसतं (कॅननच्या क्रॉपवर आणखी थोडं जास्त). हे कळत नाही म्हणून क्रॉप कॅमेरा हातात असताना “प्रो लोक ६०० वापरतात” म्हणून ६०० घेतात आणि मग गाडीचं नुसतं चाक फ्रेममध्ये येतं.

अंतर मोजायचं कसं? उपग्रह नकाशा उघडा, अंतर मोजायचं साधन घ्या, तुमची बसायची किंवा उभं राहायची जागा ते ट्रॅक असं मोजा. इथेही एक गफलत ठरलेली असते: लोक ट्रॅकच्या जवळच्या कडेपर्यंत मोजतात. गाडी कडेने जात नाही, रेसिंग लाइनने, म्हणजे वळण सर्वांत वेगात घेता येईल अशा वाटेने जाते. ट्रॅकच बारा-पंधरा मीटर रुंद असतो आणि वळणाच्या तोंडाशी गाडी पलीकडच्या कडेला असू शकते. मी रेसिंग लाइनपर्यंत मोजतो, आणि वळणात येताना, मधोमध आणि बाहेर पडताना अशी तीन मापं घेतो. त्या तिन्ही आकड्यांना जी झूम पुरते ती माझी लेन्स.

जागेप्रमाणे हे आकडे किती बदलतात ते बघा. मोनॅकोला शहरातल्याच रस्त्यांवर शर्यत होते, गाड्या कठड्याला घासून जातात. तिथे कठड्याशी उभं राहायला मिळालं तर छोटी लेन्सही लांब वाटते. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ: सपाट, ऐसपैस, रुंद रनऑफ (ट्रॅकबाहेरची मोकळी पट्टी), आणि प्रेक्षक त्याच्याही मागे. तिकीट काढून गेलेल्या माणसाला तिथे ४०० सुद्धा तोकडी वाटेल. रॅलीत याच्या नेमकं उलट. झाडीतल्या अरुंद वळणावर ७०-२०० सुद्धा बऱ्याचदा जास्त होते, २४-७० वर काम भागतं. आणि ते जाकीटवाले फोटोग्राफर? ते कुंपणाच्या आत असतात. त्यांच्या लेन्सची नक्कल करताना त्यांची जागाही मिळणार आहे का, हा विचार आधी करा.

आधीपासून एखादी झूम असेल तर तुमच्याच जुन्या फोटोंची माहिती उघडून बघा, कुठल्या फोकल लेंथवर किती फोटो आहेत. सगळे शेवटच्या टोकाला गोळा झाले असतील आणि वर ते क्रॉपही केले असतील, तर लांब लेन्स घ्या. नसतील, तर तुमची अडचण वेगळी आहे.

“जितकी लांब तितकी भारी”

लांब लेन्स लांबचं जवळ आणते, खरंय. पण तुमच्या आणि गाडीच्या मधली हवासुद्धा ती तेवढीच मोठी करून दाखवते. हे कुणी सांगत नाही, म्हणून एक किस्सा पूर्ण सांगतो.

एका तरुणाने नवीकोरी १५०-६०० घेतली होती. भेटल्या भेटल्या तक्रार: “काका, लेन्स सॉफ्ट आहे.” मुख्य सरळ पट्ट्याच्या टोकाला, कुंपणाबाहेरच्या उंचवट्यावर उभा राहून भर दुपारी, तीनेकशे मीटरवरून समोर येणाऱ्या गाड्या तो ६०० मिमीवर टिपत होता. फोटो सगळे पिठूळ. साहेबांनी आधी ऑटोफोकसला आरोपी केलं. कॅमेऱ्यातलं एएफ फाइन ट्यून (फोकस पुढे-मागे सरकवायचं सेटिंग) उघडलं आणि आकडा वाढवत वाढवत +१४ वर नेला. फरक शून्य. मग लेन्स सर्व्हिसला गेली आणि “दोष आढळला नाही” असा शेरा घेऊन परत आली. पुढच्या शर्यतीला सकाळचे फोटोही बिघडले आणि याची खात्रीच पटली, की आपल्या नशिबी खराब नग आलाय. लेन्स विकायला काढली होती.

मी म्हटलं, विकण्याआधी मूळ फाइली दाखव. निवडलेल्या नकोत, सगळ्या, आणि वेळेप्रमाणे लावून.

पहिल्या शर्यतीच्या सकाळच्या सराव सत्रातल्या फाइली लख्ख होत्या. टायरवरची अक्षरं वाचता येत होती, हेल्मेटच्या काचेवर चिकटलेले किडे मोजता येत होते. ऊन चढत गेलं तशा कडा विरघळत गेल्या. दुपारचा एक बर्स्ट (सलग काढलेल्या फ्रेम) मी मोठा करून त्याला दाखवला. पहिल्या फ्रेममध्ये गाडीचं नाक बरं, मागचा पंख वितळलेला. लगेच पुढच्या फ्रेममध्ये पंख बरा, नाक गेलेलं. मागच्या जाहिरात फलकाची सरळ कड नागमोडी झालेली. ट्रॅकवरची पांढरी रेघ तुटक तुटक. लेन्सचा किंवा फोकसचा दोष असता तर तो फ्रेमागणिक असा जागा बदलत नाचला नसता.

या उन्हाच्या झळा. डांबर तापतं, त्याला लागून असलेली हवा तापून गोळ्या-गोळ्यांनी वर चढते, आणि गरम-गार हवेतून येताना प्रकाश कमी-जास्त वाकतो. तीनशे मीटर तापलेल्या डांबरावरून आडवा आलेला प्रकाश कुठलीही काच सरळ करू शकत नाही, मग ती कितीही महाग असो. ऑटोफोकससुद्धा त्या हलत्या चित्रावरच फोकस शोधत असतो, त्यामुळे तोही भरकटतो.

आणि त्या +१४ ने काय केलं? जो दोष नव्हताच तो त्याने दुरुस्त केला. पुढच्या शर्यतीच्या सकाळी हवा गार होती, झळा नव्हत्या, आणि प्रत्येक गाडीचं नाक धूसर, मागचा पंख मात्र कडक शार्प. फोकस ठरवून मागे ढकललेला! आकडा शून्यावर आणला, लेन्स ठीक झाली.

तेव्हा फोटो बिघडला की सेटिंग्जमध्ये बोटं घालण्याआधी तीन गोष्टी बघा. फ्रेममध्ये गाडीच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी, गवत म्हणा, ट्रॅकच्या कडेचा कर्ब म्हणा, शार्प आहे का? असेल तर फोकस चुकला. सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय का? मग हात हलला किंवा शटर कमी पडलं. कुठेच काही शार्प नाही आणि सरळ रेघा लाटांसारख्या दिसतात? मग झळा, त्यावर कॅमेऱ्यात बटण नाही.

उपाय एकच, मधली तापलेली हवा कमी करा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढा. डांबराच्या लांबीतून बघणारी जागा सोडा, ट्रॅकच्या आडवं बघणारी आणि थोडी उंच जागा धरा. मधे गवत असेल तर बरं. जमेल तितकं जवळ जा आणि छोटी लेन्स लावा. ७०-२०० ने चाळीस मीटरवरून काढलेला फोटो भर दुपारी ६०० च्या तीनशे मीटरवाल्या फोटोला केव्हाही भारी पडेल.

आणखी एक बारकावा, जो फार थोड्यांना माहीत असतो. थंडगार गाडीतून काढलेली लेन्स तशीच उन्हात रोखली, किंवा तापलेली लेन्स गार हवेत नेली, तर लांब हूडच्या नळीत गरम-गार हवा घुसळते आणि झळा लेन्सच्या तोंडाशीच तयार होतात. मी पोचल्यावर लेन्स आधी बाहेर सावलीत ठेवतो आणि मग तिकिटं, पाणी वगैरे बघतो. तरी शंका आली तर हूड काढून दोन फ्रेम घेतो.

एफ/२.८चा हट्ट, तोही भर उन्हात

ही माझी दुसरी लाडकी चूक. (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं.) “मोठं अ‍ॅपर्चर म्हणजे जास्त वेग, आणि मोटरस्पोर्ट म्हणजे वेगच की!” ऐकायला बरोबर वाटतं. पण शर्यतीच्या फोटोत वेग दाखवायचा असतो, थांबवायचा नसतो.

ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते. सत्तर सेंटिमीटर व्यासाचं टायर त्या वेगाला सेकंदात पंचवीसेक फेऱ्या मारतं. शटर १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवलं तर तेवढ्या वेळात चाक नऊ अंशांच्या आसपास फिरतं. म्हणजे फोटोत आरे स्पष्ट, चाक थांबलेलं, गाडी ट्रॅकवर पार्क केलेली! १/१२५ ला तेच चाक सत्तर अंशांहून जास्त फिरतं आणि आरे एकमेकांत मिसळतात. पॅनिंग जमलं तर गाडी शार्प, चाकं फिरती, पार्श्वभूमी ओढलेली. एकाने भाड्याने ३००ची एफ/२.८ आणली आणि दिवसभर १/४००० वर शेकडो फोटो काढले. तांत्रिकदृष्ट्या एकही चुकलेला नव्हता आणि एकही बघवत नव्हता. पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचे काढले असते तर भाडं तरी वाचलं असतं.

कडक उन्हाचा जुना नियम आठवा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१००. शटर १/६० वर आणलं की अ‍ॅपर्चर एफ/२० च्या आसपास जातं. एफ/२.८ पासून तिथवर जवळजवळ सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दीड किलोपेक्षा जास्त काच खांद्यावर वाहून आणली, घराचं बजेट हलवलं, आणि दिवसभर वापरलं एफ/२०! शिवाय तेवढं बंद केल्यावर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ होतो आणि सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपके होऊन बसते. मग तीच माणसं पुन्हा म्हणतात, लेन्स सॉफ्ट आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्यावर माझी सवय म्हणजे फिल्टर. पोलरायझर एक-दोन स्टॉप खातो आणि गाडीच्या रंगावरची, काचेवरची चकाकीही कापतो. त्याहून जास्त कापायचं असेल तर एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारी करडी काच. मात्र लेन्स घेतानाच फिल्टरचा व्यास बघा. सोनीची २००-६००, निकॉनची २००-५०० आणि १८०-६००, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी, टॅमरॉनची १५०-६०० या सगळ्यांना ९५ मिमीचा फिल्टर लागतो. सिग्माच्या डीएसएलआरसाठीच्या स्पोर्ट्स मॉडेलला तर १०५ मिमी. तुमच्या ७७ मिमीच्या फिल्टरांचा संच तिथे निरुपयोगी. मोठ्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सना पुढून फिल्टर लागतच नाही, मागच्या खाचेत छोटा सरकवावा लागतो. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० एफ/११ या हलक्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कायमचं एफ/११. ते बंदही करता येत नाही. १/६० चं पॅनिंग उन्हात करायचं तर तिथे फिल्टर लावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे विकणारा सांगत नाही.

मग एफ/२.८ कुणी घ्यावी? जो रात्री काढणार आहे त्याने. सिंगापूरला २००८ पासून फॉर्म्युला वनची शर्यत दिव्यांखाली होते, ल मान्सची २४ तासांची शर्यत रात्रभर चालते. तिथे प्रत्येक स्टॉपला किंमत आहे. ज्याला पिट लेनमध्ये शिरता येतं, गर्दीतून एकच चेहरा वेगळा काढायचा असतो, त्याने. आणि जो जाळीच्या मागे उभा असतो त्याने, त्याचं खाली सांगतो. बाकीच्यांनी ७०-२०० एफ/४ किंवा १००-४०० घ्यावी आणि उरलेले पैसे तिकिटांवर घालवावेत. जास्त शर्यती बघितल्या तर फोटो सुधारतील, याची मी हमी देतो.

जाळी

प्रेक्षकांच्या बाजूला कॅचफेन्स असतेच. लोक जाळीपासून तीन मीटर मागे उभे राहतात, एफ/११ ठेवतात आणि गाडीवर चौकटी उमटल्या की वैतागतात. जाळी गायब करायची तर लेन्सचं तोंड तिला जवळजवळ टेकवा (हूड काढा, नाहीतर तोच मधे येतो), अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, फोकल लेंथ लांब ठेवा, आणि गाडी जाळीपासून दूर असताना काढा. जाळीवर ऊन पडलेलं नसेल अशी बाजू निवडा; उन्हात चमकणारी तार कितीही धूसर झाली तरी फोटोवर पांढरट पडदा सोडते. आणि लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो लांबच्या टप्प्यावर टाका, म्हणजे ऑटोफोकस तारेवर उडी मारणार नाही. हा छोटा खटका लेन्स घेतल्यापासून कित्येकांनी कधी हलवलेलाच नसतो.

घेताना लिमिटर आहे की नाही हे जरूर बघा. माझ्या मते तो नसलेली लांब लेन्स मोटरस्पोर्टला घेऊच नये.

टेलिकन्व्हर्टरला जादू समजणं

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी काच. १.४x एक स्टॉप खातो, २x दोन. एफ/६.३ च्या झूमला १.४x लावला की एफ/९ झालं, २x लावला की एफ/१३. बऱ्याच डीएसएलआरमध्ये एफ/८ च्या पुढे ऑटोफोकस हात टेकतो. मिररलेसमध्ये चालतो, पण ढगाळ हवेत समोरून येणाऱ्या गाडीवर त्याची दमछाक होते. आणि वरच्या झळा तर आणखी मोठ्या दिसणार. काही जोड्यांत यांत्रिक अडचणही असते: कॅननच्या आरएफ १००-५०० ला एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, आणि पहिल्या आरएफ ७०-२०० एफ/२.८ ला तो लागतच नाही. जोडी घेण्याआधी कंपनीचा तक्ता वाचा.

चांगल्या ३०० किंवा ४०० प्राइमवर १.४x, हे मला मान्य. स्वस्त झूमवर २x म्हणजे शॉर्टकट, आणि या छंदात शॉर्टकट फोटो मोठा करून बघेपर्यंतच टिकतो.

वजन कागदावर वाचणं

सोनीची २००-६०० कॉलरशिवाय (स्टँडला जोडायची लेन्सवरची कडी) २११५ ग्रॅम. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, डीएसएलआरसाठीची स्पोर्ट्स २८६०. वाचताना फरक किरकोळ वाटतो. त्यात कॅमेरा मिळवा, दिवसभर उभं राहा, आणि दर दीड मिनिटाला कंबरेतून वळून झटका न देता गाडीचा माग काढा. दुपारनंतर खांदा ऐकत नाही, आणि खांदा दमला की पॅनिंगमध्ये खालीवर हेलकावा येतो. तो फोटोत दिसतो. लेन्स भाड्याने घेऊन एक पूर्ण दिवस वापरा, मग ठरवा. दुकानात पाच मिनिटं डोळ्याला लावून काही कळत नाही.

मी मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) वापरतो, कॉलरचा स्क्रू ढिला ठेवून. कॅमेरा आडवा-उभा करताना सगळं उचलावं लागत नाही. ट्रायपॉड घेऊन येणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. एकतर तुम्ही गाडीच्या मागे वळू शकत नाही, आणि दुसरं म्हणजे शेजारचा त्याला अडखळून पडतो.

झूम करताना लेन्स लांब होते की आतल्या आत सरकते, हेही हातात घेऊन बघा. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० आतल्या आत झूम होतात, तोल ढळत नाही. पुढे लांब होणाऱ्या लेन्समध्ये मोनोपॉडवरचा तोल दर झूमला बदलतो. आणि रिंग किती फिरवावी लागते ते मोजा. समोरून येणारी गाडी तीन सेकंदांत दूरची जवळ होते. रिंग दोनदा पकडून फिरवावी लागली तर तोवर ती गेलेली असते.

स्टॅबिलायझर चुकीच्या मोडवर

व्ह्यूफाइंडरमध्ये गाडी अडखळत पुढे सरकते, पॅनिंग थांबवल्यावरही चित्र क्षणभर वाहत राहतं, अशी तक्रार आली की मी आधी खटका बघतो. नव्वद टक्के वेळा तो पहिल्या मोडवर असतो. तो मोड आडवी हालचालही हाताचा कंप समजून रोखायला बघतो. पॅनिंगला दुसरा मोड लावा, जो फक्त उभी थरथर थोपवतो. निकॉनमध्ये स्पोर्ट मोड आहे. १/१००० च्या वर मी स्टॅबिलायझर सरळ बंद करतो. यावर लोक वाद घालतात, घालू देत.

लेन्सच्या माथी भलताच दोष

चाकं अंड्यासारखी लांबट आणि तिरकी दिसतात, लेन्स खराब आहे का? नाही. तुम्ही इलेक्ट्रॉनिक शटर लावलंय आणि तुमचा सेन्सर ओळीओळीने वाचतो. वाचता वाचता गाडी पुढे सरकते. फ्रेंच फोटोग्राफर लार्तीग यांच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या प्रसिद्ध फोटोत चाक असंच तिरकं लंबगोल दिसतं, कारण त्यांच्या कॅमेऱ्याचा पडदाही फटीफटीने सरकत होता. तिथे ती कला झाली. तुमच्या फोटोत तो घोळ दिसेल. मेकॅनिकल शटरवर या. झटपट वाचणारा स्टॅक्ड सेन्सर असेल तर हा त्रास जवळपास नाहीसा होतो.

सराव न करता थेट शर्यतीला जाणं

नवशिक्यांची घाई मला इथे सगळ्यात जास्त खटकते. लेन्स शुक्रवारी येते, शर्यत रविवारी असते, आणि सोमवारी “लेन्स परत करता येईल का” असं विचारतात.

सरावाला शर्यत लागत नाही. ५० मीटरवरून ताशी २०० ने जाणारी गाडी जितक्या झपाट्याने कोन बदलते, तितक्याच झपाट्याने १५ मीटरवरून ताशी ६० ने जाणारी साधी मोटार बदलते. भागाकार करून बघा, दोन्हीकडे उत्तर चार. १५ मीटरवर १२० मिमी लावली तर फ्रेमही तेवढीच भरते जेवढी ट्रॅकवर ४०० ने भरली असती. म्हणजे रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी उभं राहून, हातात आहे त्या ७०-२०० ने तुम्ही हुबेहूब तेच पॅनिंग शिकू शकता. १/२५० पासून सुरू करा, जमलं की १/१२५, मग १/६०. पाय जिकडे फोटो काढायचा तिकडे रोवून ठेवा, कंबर गाडी येते त्या बाजूला वळवा आणि गाडीबरोबर सैल होत या. शटर दाबल्यावरही फिरणं चालू ठेवा.

१/१२५ वर दहातला एक फोटो शार्प येऊ लागला की मग लांब लेन्सचा विचार करा. नाहीतर लांब लेन्स तुमचा हलता हातच मोठा करून दाखवेल.

एका ओळीच्या

लेन्सपुढे स्वस्त यूव्ही फिल्टर ठेवू नका. ६०० मिमीवर वाईट काच लगेच दिसते.

हूड उलटा लावून फोटो काढणाऱ्यांनो, तो पिशवीत ठेवायचा प्रकार आहे.

लेन्सचं फर्मवेअर अद्ययावत करा, ऑटोफोकसच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात.

तिकिटाच्या अटी वाचा. काही ठिकाणी प्रेक्षकांना ठरावीक लांबीच्या वरची लेन्स किंवा मोनोपॉड आत नेऊ देत नाहीत.

पावसाचं आवरण पिशवीतच असू द्या, पावसातले पाण्याचे फवारे हेच दिवसातले सगळ्यात चांगले फोटो असतात आणि तेव्हाच लोक लेन्स आत ठेवतात.

वापरलेली लेन्स घेताना झूमच्या दोन्ही टोकांना पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, चालत्या वाहनावर, सलग बर्स्ट घ्या. भिंतीचा फोटो काढून ऑटोफोकसची मोटर थकलीय की नाही ते कळत नाही. कॉलरचा पाय हलतो का, माउंटभोवती ओरखडे आहेत का, आणि झूम रिंग मधेच कुठे जड लागते का, तेही बघा. जड लागली तर तिथे वाळू शिरलेली असू शकते, आणि रॅलीवाल्याच्या लेन्समध्ये तर हे हमखास.